समोरच्या खोलीतलं बाकडं

सुमन गेली त्याच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही दोघं गच्चीवर बिबड्या सोडवत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवायचा, ओल्या धोतरावर हातानं पातळ पसरायचा, वाळला की धोतर उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा आणि एकेक बिबडी अलगद सोडवायची. हबका मारायचं काम माझं, सोडवायचं तिचं. पाणी जास्त पडलं की ती म्हणायची, "आंघोळ घाली ऱ्हायनात का तिले?" त्या दिवशीही म्हणाली. तेवढ्यात रेखाचा फोन आला. रेखा आमची एकुलती एक पोर, लष्करात डॉक्टर, मेजर. लग्नाचं तिनं कधी मनावर घेतलं नाही. सांगत होती की पहाडातल्या एका लष्करी दवाखान्याची प्रमुख म्हणून तिचं नाव निघालंय. आधी लखनौला कोर्स, मग तिकडे काही वर्षं. महिन्याभरात हो की नाही ते कळवायचं होतं. मी फोन घेतला आणि विचारलं, "तिथं पेशंट तपासशील ना?" ती म्हणाली, "कमी, आबा. बाकीचे नीट तपासतात का, त्यांना सामान वेळेवर मिळतं का, ते बघायचं." मी म्हटलं, "म्हणजे एवढं शिकून आता ब्लँकेटं मोजणार." सुमननं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

मी सातवी नापास. धुळ्यातल्या एका डॉक्टरांकडे तीस वर्षं कंपाउंडर होतो. नंबर पुकारायचे, पट्ट्या बांधायच्या, बाटल्या भरायच्या. माझ्या लेखी डॉक्टर म्हणजे ज्याच्यासमोर स्टुलावर पेशंट बसतो तो. बाकी सगळी कारकुनी. डॉक्टरांनी म्हातारपणी दवाखाना बंद केला तेव्हा तिथलं पेशंटचं लांब बाकडं मी हातगाडीवर घालून घरी आणलं. रेखा तेव्हा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. समोरच्या खोलीत ते ठेवलं आणि गल्लीभर सांगत फिरलो की इथं माझी पोर दवाखाना टाकणार आणि नंबर मी पुकारणार. पोर लष्करात गेली. थोडी वर्षं करून येईल म्हटलं, तर ती तिथं रमली. सुट्टीवर आली की मी विचारायचो, "कधी येतेस?" ती म्हणायची, "बघू, आबा." सुमन त्या बाकड्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवायची. मी उचलून आत ठेवायचो. दुसऱ्या दिवशी बरण्या पुन्हा बाकड्यावर. अकरा वर्षं हेच चाललं.

सुमन दोंडाईच्याची, चौथी पास. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रोज एकेका घराची बिबड्यांची पाळी असते. सूर्य वर यायच्या आत दहा बाया जमतात. गेली कित्येक वर्षं सुमन पातेल्याला हात लावत नव्हती. कमरेवर हात ठेवून उभी राहायची. शेजारच्या रझियाभाभीला चुलीपाशी बसव, ज्या दोघींचं पटत नाही त्यांना वेगवेगळी धोतरं दे, नवी सून घाबरली तर तिच्या हातावर आधी नुसतं पाणी घाल. मी टोमणा मारायचो की काम सोडून मुकादमी करतेस. त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "घाट्याले मी हात लावत नही. तरी दहा घरनी बिबडी एकसारखी का उतरस, कधी विचार कया का तुम्ही? पोरले जाऊ द्या."

"माले समदं समजस," मी म्हटलं.

"समजस तं ते बाकडं काढा."

मी बादली उचलली आणि खाली आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ती आडवी झाली ती उठलीच नाही. हार्ट, म्हणाले. तीस वर्षं दवाखान्यात काढली आणि घरातलं माणूस शेजारच्या खोलीत गेलं ते मला कळलं नाही. मी पेपर वाचत होतो.

रेखा आली. तेरावं झालं, पाहुणे पांगले. तिची सुट्टी संपत आली तेव्हा एका संध्याकाळी ती त्याच बाकड्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, मी नाही म्हणून कळवते. एकदा नाही म्हटलं की नाव मागं पडतं. पडू दे. नोकरी सोडते, इथंच दवाखाना टाकते. तुम्ही एकटे कसे राहाल?" जे ऐकायला अकरा वर्षं कान लावून बसलो होतो ते आलं. मी म्हटलं, "बरं." एवढंच. पण तो "बरं" तोंडातून गेल्यापासून मला एका जागी बसवेना. गच्चीवर गेलो, खाली आलो, अंगणात गेलो, परत गच्चीवर. पोर विचारते, "काय शोधताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रझियाभाभीच्या घरची पाळी होती. आमच्या घरची पाळी सुमन असतानाच उरकली होती. मी आमच्या गच्चीवरून तिच्या अंगणात वाकून बघत होतो. मनात म्हटलं, आता आरडाओरड होणार, घाट्यात गाठी होणार. काही झालं नाही. भाभी कमरेवर हात ठेवून उभी होती. पातेल्याला तिचा हात नव्हता. गल्लीतली कमल नेहमीसारखे तीळ जास्त टाकायला गेली, भाभीनं नुसतं बघितलं, कमलनं मूठ आवरली. सुमन नव्हती आणि तिचं काम चाललं होतं. खरं सांगतो, मला आधी रागच आला. नंतर कठड्याला धरून बराच वेळ उभा राहिलो. ब्लँकेटं मोजणार म्हणालो होतो मी पोरीला, आणि तिच्या आईसमोर म्हणालो होतो.

खाली आलो आणि बाकडं ओढत भाभीच्या अंगणात नेलं. फरशीवर असा आवाज झाला की बाया काम थांबवून बघायला लागल्या. भाभी म्हणाली, "आबा, ये काहेकू लाए? पेशंटका है ना?"

"तुमचे गुडघे दुखतात ना? मग तुम्हीच पेशंट. बसा."

"हम बैठे तो काम कौन देखेगा?" ती म्हणाली, आणि कमलला बसवलं.

घरी आलो तर रेखा चहाचा कप घेऊन समोरच्या खोलीत उभी. "आबा, बाकडं कुठं गेलं?"

"जळगावहून लखनौची गाडी किती वाजता शे ते देख," मी म्हटलं.

कप माझ्या हातात देऊन ती आत गेली. मी चहा प्यालो, झाडू घेतला आणि बाकड्याखालचा अकरा वर्षांचा केर काढला. चार पायांच्या जागी फरशी अजून नवी होती. मग बादली भरली आणि भाभीच्या गच्चीवर नेऊन ठेवली. ऊन उतरल्यावर हबका मारायला माणूस लागणार होता.