बाई खाली बसल्या नाहीत

"चटई घरून आणत जा," बाई म्हणाल्या. "इथली सगळ्यांसाठी नाही."

आमचं घर बीदरच्या मैलूर भागात, बौद्धांच्या गल्लीत. बाईंनी पत्ता विचारला आणि तिथंच आम्हाला ओळखलं. माझी पोरगी चार वर्षांची. चावायची, डोकं भिंतीवर आपटायची. नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला बीदरमधल्याच लेकरांच्या उपचार केंद्रात पाठवलं होतं. बाई तिथं उपचार शिकवायच्या. आईनं लेकरासोबत खेळायचं आणि बाईंनी शेजारी बसून आईला शिकवायचं, असा तो उपचार.

पोरगी कडेवर, चटई काखेत, अशी मी जायचे. बाई खुर्चीवरून उतरायच्या नाहीत. "खेळव तिला. ओरडू नकोस." एवढं बोलून फोन घेऊन बाहेर. कसं खेळवायचं, हे कुणी सांगितलंच नाही. मग येऊन म्हणायच्या, "झालं. जा."

दिवाळी गेली, उन्हाळा आला. पोरगी होती तशीच. माझ्या दंडावर तिच्या दातांचे वळ.

"तुमच्या लोकांत आयाच लक्ष देत नाहीत," बाई म्हणाल्या. "उपचार काय करणार?"

मी मान खाली घातली. मला ते खरंच वाटलं. त्याची चीड अजून जात नाही.

एकदा वीज गेली. उकाड्यानं बाईंनी दार उघडंच ठेवलं. आत एका वकिलाची बायको आणि तिचा मुलगा. बाई तिच्या शेजारी चटईवर, मांडी घालून. "आता त्याला शाबास म्हणा. थांबा, त्यालाच ठरवू द्या. छान जमलं तुम्हाला." हाच मुलगा आधी बाहेर पाळीला बसला की आईला लाथा मारायचा. आता तिच्या हातात ठोकळा देत होता.

मी दाराबाहेर बसून बघत राहिले. रडूसुद्धा आलं नाही, इतकी दमले होते.

आमची पाळी आली. घरची चटई मी गुंडाळलेलीच ठेवली. तिथल्या चटईवर पोरीला घेऊन बसले.

"बाई, खाली बसा."

"काय?"

"त्या आईला सांगायलात तसं मला सांगा. माझ्या लेकराला अर्धंच कामून?"

"मला वेळ नाही. ऊठ."

"मी उठायची न्हाई."

बाई खुर्चीवरच राहिल्या. पोरगी माझ्या हाताला चावली. मी ओरडले नाही. ठोकळा तिच्यापुढं सरकवला आणि थांबले.

"उपचार पुरा द्या," मी म्हणाले. "मग मला बोला."

दर खेपेला तिथंच बसायचं, बाई खाली येईपर्यंत, असं मी ठरवलं. आणि पोरगी सुधारत नाही याचा दोष मान खाली घालून पुन्हा कधी स्वतःवर घ्यायचा नाही.