खिरीशिवायचा शुक्रवार

सान पेद्रो गावातल्या आमच्या गल्लीत गुड फ्रायडेला गोड खीर शिजायची ती एकाच चुलीवर, मेलिदाच्या. बाकीच्या घरांत चुली नव्हत्या असं नाही. पण राजम्याची खीर करावी ती मेलिदानंच, हे गल्लीनं मान्य केलं होतं. खरं सांगायचं तर तिनं ते मान्य करायला लावलं होतं. कुणी हौसेनं खीर करून तिच्याकडे वाटी पाठवली, की ती एक चमचा चाखायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "बरी आहे. पण लवंग घालताना कुणीतरी तुझा हात धरायला हवा होता." एकीचं रताळं कच्चं, दुसरीचं नारळाचं दूध फाटलेलं. समोरच्या ग्रिसेल्दाच्या खिरीला तर तिनं सगळ्यांदेखत सूप म्हटलं होतं. हळूहळू बायांनी नाद सोडला. हिच्याकडून घ्यावं, खावं आणि गप्प बसावं, एवढंच उरलं.

पण या बाईच्या बोलण्यावर जाऊ नये. तिचा नवरा बिएनवेनिदो साखर कारखान्यात कामाला होता. तो गुड फ्रायडेआधीच्या ऐन उपवासाच्या दिवसांत गेला, तेव्हा लेक युदेल्का एवढीशी होती. त्या गुड फ्रायडेला मेलिदाच्या घरात चूल पेटली नाही. तरी दुपारपर्यंत तिच्या टेबलावर हात टेकायला जागा राहिली नव्हती, इतक्या घरांतून खिरीच्या वाट्या आल्या. मायलेकींनी कितीतरी दिवस त्याच खाल्ल्या. पुढच्या वर्षी मेलिदानं देवळात जाऊन नवस केला, की हात चालताहेत तोवर गुड फ्रायडेला गल्लीतलं एकही घर माझ्या खिरीवाचून राहणार नाही. तो नवस तिनं एकदाही चुकवला नाही. पाय सुजले, गुडघे कुरकुरले, तरी पहाटे तिची सगळ्यात मोठी कढई चुलीवर असायचीच.

यंदा गुरुवारी सकाळी राजमा बादलीत भिजून टम्म फुगला होता, नारळ फोडून ठेवले होते, आणि दारात गाडीचा भोंगा वाजला. राजधानीत बायकांचे केस सजवण्याचं दुकान चालवणारी युदेल्का, तिचा नवरा वास्कार आणि छोटी नाश्ला असे तिघं आले होते.

"आशीर्वाद दे, आई."

"देव तुझं भलं करो. बरी आलीस. बस आणि नारळ खवायला घे."

"नारळ राहू दे. कपडे भर. समुद्रावर हॉटेलात जायचंय, शनिवारपर्यंत. खाणं, पिणं, सगळं त्यातच आलं. पैसे भरून झालेत."

मेलिदा बादलीकडे बघत राहिली. "उद्या शुक्रवार आहे, युदेल्का."

"म्हणूनच. दरवर्षी या शुक्रवारी तू चुलीपुढे उभी असतेस आणि रविवारी मी तुझे पाय मिठाच्या पाण्यात ठेवते. एक तरी शुक्रवार बसलेली दिसशील का मला?"

ही पोर वर्षभर दुसऱ्यांच्या केसांत रोलर गुंडाळत उभी राहते, ती याच्यासाठी, हे मेलिदाला कळत होतं. नाही म्हणावं तर लेक तुटते, हो म्हणावं तर नवस. शेवटी ती बादली उचलून समोर ग्रिसेल्दाकडे गेली.

"भिजलाय. फेकवत नाही. ठेवून घे."

"मी करू का खीर?" ग्रिसेल्दानं विचारलं.

"तू? नको गं बाई, सणाचा दिवस आहे. उसळ कर आणि भाताबरोबर खा."

ग्रिसेल्दा हसली. "जा तू निवांत. तुझ्या खिरीवाचून येशू काही रविवारी उठायचा राहणार नाही."

हॉटेल स्वस्तातलं होतं आणि ते लपवतही नव्हतं. भिंतींचा रंग खाऱ्या वाऱ्यानं सोललेला, लिफ्ट बंद, खोलीतला एसी म्हाताऱ्यासारखा खोकत होता. पण खिडकी उघडली की सगळा समुद्र समोर. मनगटावर हॉटेलच्या पाहुण्यांची पिवळी पट्टी बांधून घेतल्यावर मेलिदा पलंगावर बसली, चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही मी धुतलेली नाही."

रात्री जेवणाच्या हॉलमध्ये तिनं आधी चमचाभरच भात घेतला. वास्कारनं ताट तिच्या हातून काढून घेतलं आणि मासळी, तळलेली केळी, सॅलड, पुडिंग असं सगळं रचून आणलं. "सासूबाई, इथं लाजणाऱ्याचं नुकसान होतं," तो म्हणाला. ती पोटभर जेवली. कुणीतरी येऊन उष्टं ताट उचलून नेलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले. ती लेकीला सरळच म्हणाली, "मला फार बरं वाटतंय गं. देव तुला उदंड देवो." युदेल्कानं मान खाली घालून पुडिंग संपवलं. तिला एवढंच ऐकायचं होतं.

शुक्रवारी सकाळी मात्र मेलिदाला आपल्या हातांचं काय करावं कळेना. कॉफी कुणीतरी केलेली, अंथरूण कुणीतरी आवरलेलं. ते तिघं तिला पोहण्याच्या तलावाकाठी घेऊन गेले. तिथं आपल्याकडची सगळी कुटुंबं अंगभर कोरड्या कपड्यांत बसलेली, आणि पाण्यात फक्त परदेशी पाहुणे.

"आजी, मी जाऊ?" नाश्लानं विचारलं.

"गुड फ्रायडेला पाण्यात उतरलं की माणसाचा मासा होतो."

"समुद्रात होतो ना? हा तर तलाव आहे," वास्कार म्हणाला.

"तलावातही होतो. फक्त त्याला औषधाचा वास येतो."

"मग हे सगळे कसे झाले नाहीत?"

मेलिदानं पाण्यातल्या गोऱ्या पाठींकडे नीट बघितलं. "त्यांचा शुक्रवार वेगळा असेल," ती म्हणाली, आणि नाश्ला फुरंगटून आईसक्रीम आणायला गेली.

दुपारच्या जेवणात हॉटेलनं सणाची खीर ठेवली होती. स्टीलच्या मोठ्या भांड्यात, वर छोटी बिस्किटं तरंगणारी. मेलिदानं चाखली. "साखरेचं पाणी. रताळं शोधायला पोलीस बोलवावे लागतील." पण चमचा खाली ठेवला तरी तिची नजर त्या भांड्यावरून हलेना. आत्ता गल्लीत पहिली वाटी कुणाकडे गेली असती, मग कुणाकडे, ते सगळं तिला दिसत होतं. युदेल्का नाश्लाचं तोंड पुसत होती तेवढ्यात म्हातारी उठली, ट्रे घेतला, कागदी वाट्या भरल्या आणि आपल्या मजल्यावर जाऊन एकेक दार वाजवायला लागली.

युदेल्का मागून धापा टाकत आली. "आई, काय चाललंय? आयजीच्या जिवावर बायजी उदार! त्यांनीही पैसे भरलेत. खाली जाऊन हवी तेवढी घेतील."

"खाली जाऊन घेणं आणि कुणी दारात आणून देणं एकच का?"

मेलिदानं पुढचं दार वाजवलं आणि युदेल्का मागोमाग गेली. बऱ्याच दारांत आपलेच लोक निघाले. त्यांना काही सांगावं लागलं नाही, वाटी बघताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले. शेवटचं दार एका कॅनडाच्या म्हाताऱ्यानं उघडलं. उन्हानं लाल झालेला, एकटाच. त्यानं वाटीत बघितलं, वास घेतला, हसला आणि खिशातून एक डॉलर काढून तिच्यापुढे धरला.

मेलिदाच्या तोंडात मारल्यासारखं झालं. ती ताठ झाली. "मी नोकर नाही," असं तिनं आपल्या भाषेत सांगितलं, पट्टीचं मनगट दाखवलं आणि त्याचा हात मागे सारला. म्हाताऱ्याला शब्द कळले नसावेत, पण हात कळला. त्याचं हसू मावळलं. डॉलरची घडी करत तो दारातच उभा राहिला, मग त्यानं दार हळूच लावून घेतलं.

मेलिदा रिकामा ट्रे घेऊन चालू लागली आणि जिन्यापाशी थांबली. असा चेहरा तिनं पाहिला होता. कितीदा तरी पाहिला होता, आपल्याच अंगणात.

"ग्रिसेल्दाच्या खिरीला मी काय म्हटलं होतं गं?"

"सूप," युदेल्का म्हणाली. "त्यानंतर तिनं कधी केली नाही."

मेलिदानं ट्रे लेकीच्या हातात दिला, परत गेली आणि ते दार पुन्हा वाजवलं. म्हाताऱ्यानं उघडलं. तिनं तळहात पुढे केला. तो गोंधळला, मग त्याला उमगलं, आणि त्यानं ती घडी घातलेली नोट तिच्या हातावर ठेवली. "देव तुमचं भलं करो," मेलिदा म्हणाली. म्हातारा कानापर्यंत हसला.

"आई, तू टिप मागायला गेलीस?" युदेल्काला लाजेनं कुठं तोंड लपवावं कळेना.

"टिप कसली? त्याच्याकडून आलेली वाटी होती ती. त्याच्याजवळ तेवढंच होतं."

ती संध्याकाळ तिनं समुद्राकडे बघत खुर्चीत काढली. नवस मोडला होता. साखरेच्या पाण्यानं नवस फिटत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्याचं दुःख होतंच. पण शेजारी लेक होती, पाय सुजले नव्हते, आणि दुःखाबरोबर सुखही बसू शकतं, हे तिला त्या खुर्चीत पहिल्यांदा कळलं. तिनं देवाची माफी मागितली आणि त्याच दमात आभारही मानले.

शनिवारी गाडी गल्लीत वळली तेव्हा ग्रिसेल्दा मेलिदाच्याच दारात उभी होती. घराची एक किल्ली तिच्याकडे असायची. तिच्यामागे गल्लीतल्या आणखी बाया उभ्या होत्या आणि कुणीच नीट बोलत नव्हतं.

"काय झालं? कोण गेलं?" मेलिदानं उतरता उतरता विचारलं.

"कुणी गेलं नाही. आत ये," ग्रिसेल्दा म्हणाली.

टेबलावर हात टेकायला जागा नव्हती. वाट्या, पेले, आईसक्रीमचे डबे, झाकण नसलेल्यांवर बशा. प्रत्येकात राजम्याची खीर.

"तुझ्या बादलीतला राजमा मी शिजवला," ग्रिसेल्दानं एका दमात सांगून टाकलं. "उसळ नाही केली, खीर केली. मला बघून हिनं केली, हिला बघून तिनं. म्हटलं, ही इथं नाही तर करून घेऊ. तुझ्या नाकासमोर कुणाची छाती होती? आणि केल्यावर प्रत्येकीनं पहिली वाटी तुझी काढली. का काढली ते विचारू नकोस. आता नावं ठेवायची असतील तर आम्ही घरी गेल्यावर ठेव."

घरी मात्र कुणीच जाईना. युदेल्कानं आईच्या दंडाला हळूच चिमटा काढला. मेलिदा खुर्ची ओढून बसली. "यातली तुझी कुठली?"

ग्रिसेल्दानं वाटी पुढे केली. मेलिदानं चमचा भरून तोंडात घातला आणि सवयीनं डोळे मिटले. खीर बुडाला लागलेली होती. लवंग इतकी, की जीभ बधिर झाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं तसं युदेल्का घाबरून पुढे झाली.

"बिएनवेनिदो गेला त्या वर्षी तुम्ही अशाच वाट्या आणल्या होत्या," मेलिदा म्हणाली. "आम्ही सगळ्या संपवल्या. पण मला एकीचीही चव कळली नव्हती. गिळत होते नुसती."

"मग आज कळली का?" ग्रिसेल्दानं विचारलं.

"कळली. लवंग जास्त आहे." मेलिदानं वाटी चमच्यानं खरवडून रिकामी केली आणि पुढे धरली. "अजून वाढ."