न बोललेला नवस
शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला भोरचं एसटी स्टँड आठवतं. नवऱ्याच्या अंगावर सारखं पित्त उठायचं, म्हणून डॉक्टरांनी दूध, गहू, अंडी, शेंगदाणे सगळं बंद केलं होतं. पुढं एकेक सुरू करून बघू म्हणाले. एका घरात दोन स्वयंपाक कुठं करणार, म्हणून मीही सोडलं. दुधी-भाताला जीव विटला, तेव्हा एकदा बाजाराला गेले आणि स्टँडवर गुपचूप भेळ घेतली. घास तोंडाशी नेला तोच शेजारच्या काकूंनी मागून मनगट धरलं. "अगं, नवस मोडतीस व्हय? लेकरासाठी दोघं एवढं कडक पाळताय, आन् आता धीर सोडतीस?" लग्नाला बरीच वर्षं होऊन आम्हाला मूल नव्हतं, आळीनं आमच्या पथ्याचा अर्थ तेवढ्यावरून लावला होता. नवस नाही म्हणावं, तर मग लेकरू नको का, हे विचारलं असतं. मी पुडा त्यांच्या हातात दिला. पथ्य संपल्यावरही आम्ही कितीतरी दिवस चहात दूध घालायचो ते दार लावून. आजही काकू समोरून आल्या की त्यांची नजर आधी माझ्या पोटावर जाते, आणि हातात भेळ असली तर मी ती ओढणीआड करते.