रेडिएटरला माठातलं पाणी

मंठ्याच्या त्या मिस्तरीचं नाव मी विचारलंच नाही. मे महिना होता, गावात टँकर चालू होते आणि माझी जुनी मोटार रोज रेडिएटरमधलं पाणी संपवायची. खाली मात्र थेंबही दिसायचा नाही.

त्याने गाडीखालची माती चाचपली. कोरडी होती. मग आपला पिण्याचा माठ उचलून त्याने रेडिएटरमध्ये रिकामा केला. मी म्हणालो, बोअरचं चाललं असतं.

"खारं हाय ते. इंजिनाला बिलकुल न्हाई टाकायचं."

इंजिन तापल्यावर तो मागे उकिडवा बसला आणि सायलेन्सरमधून येणाऱ्या पांढऱ्या धुरात तळहात धरला. हात ओला झाला, तो त्याने मला दाखवला.

"गळून न्हाई राह्यली, साहेब. आतल्या आत पिऊन राह्यली. इंजिनाच्या हेडचं गॅस्केट गेलं." तापलेल्या लेकराबद्दल बोलावं, तसा त्याचा आवाज होता.

दुपारी हेड खोलता खोलता तो उठला. ग्लास घेऊन सवयीने माठाकडे गेला, माठ कलता करून पाहिला. मग ग्लास त्यावर पालथा घातला आणि परत बॉनेटखाली वाकला.