दोघायलेही हाक मार

कुंदाताई गेल्याचं मला त्यांच्या यजमानांनी, विनायकरावांनी फोनवर सांगितलं. मी प्रताप नगरच्या चौकात गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो... दुःखाच्या आधी मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते. वाटलं, आता ते कोणालाच कळणार नाही.

ताई आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत सगळ्यांत वडील. टायपिस्ट म्हणून लागलेल्या, चाळिशीत प्रोग्रामिंग शिकलेल्या. मला जे येतं ते त्यांनीच शिकवलं. एखादा क्लास, म्हणजे प्रोग्राममधला एक साचा, दोन पालक-क्लासांपासून बनतो तेव्हा दोघांचेही कन्स्ट्रक्टर, म्हणजे सुरुवातीची तयारी करणारे तुकडे, बोलावले पाहिजेत, नाहीतर एकाकडची तयारी होतच नाही, हे समजावताना त्या म्हणाल्या होत्या, "दोघायलेही हाक मार गा. एकाले घरात घेऊन दुसऱ्याले दारात नको ठेवू."

औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्यासाठी आम्ही फ्रीजवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम करत होतो. माझ्या फ्रीजच्या क्लासला दोन पालक : एक तापमान नोंदवणारा, दुसरा धोक्याचा इशारा देणारा. मी पहिल्याचाच कन्स्ट्रक्टर बोलावला. दुसरा चाललाच नाही, त्यामुळे तापमानाची मर्यादा रिकामी राहिली, आणि मर्यादाच नाही म्हटल्यावर इशारा गप्प. प्रोग्राम मात्र कुठे अडला नाही. काम व्यापाऱ्याच्या हवाली करण्याच्या दिवशी ताईंनी विचारलं, दुसराही बोलावला न? मला चुलतभावाच्या साक्षगंधाला, साखरपुड्याला, कन्हानला पोचायचं होतं. न बघताच मी हो म्हणालो. माझ्या शब्दावर त्यांनी तपासणीची सही केली.

पुढे एका रविवारी फ्रीज बंद पडला. इशारा गेला नाही, आतलं सगळं इन्सुलिन वाया गेलं. सोमवारी मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, शेवटची तपासणी कोणाची? मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिलो.

"माझी," ताई म्हणाल्या.

त्यांना प्रोग्रामिंगवरून काढून कागदपत्रं लिहायला बसवलं. काही महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला आणि हुडकेश्वरला घरीच मुलींना प्रोग्रामिंग शिकवू लागल्या. त्यांची जागा मला मिळाली. दर दिवाळीला मी त्यांच्याकडे जायचो, आज सांगायचंच असं ठरवून... आणि चिवड्याचं कौतुक करून परत यायचो.

तेरवीला पाहुणे पांगल्यावर विनायकरावांना सगळं सांगितलं. चूक माझी, खोटं बोललो तोही मीच. ते खिडकीचा पडदा उगाच सारखा करत राहिले.

"तिले माहीत होतं," ते म्हणाले. "मीटिंगच्या आधीच तिनं फाइल उघडून पाहिली होती. मी विचारलं, मग काहून नाही बोलली? म्हणे, त्याच्या तोंडून आलं पाहिजे. वाट पाहून राहिली होती."

म्हणजे दर दिवाळीला.

मग त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. जुना कॉम्प्युटर, पुढे दोन खुर्च्या. ताई थोड्या मागे सरकवलेल्या खुर्चीत बसायच्या, कीबोर्ड शिकणारीच्या हाती. चूक दिसली तरी हात पुढे करायच्या नाहीत, तिची तिला सापडेपर्यंत गप्प बसायच्या. विनायकराव अजून रोज दोन्ही खुर्च्या पुसतात, मागची तशीच मागे ठेवतात.

"बसा," ते म्हणाले.

मी कीबोर्डसमोर बसलो. मान वळवून मागच्या खुर्चीकडे बघायची हिंमत मात्र झाली नाही.