वस्तादांनी हात दिला ती दुपार

आमच्या वस्तादांचा घात झाला तो गेल्या जत्रेत, कुस्त्यांच्या दिवशी, दुपारी पावणेपाच वाजता. भरल्या मैदानात, हलगी वाजत असताना, तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत. वेळ नक्की सांगते, कारण त्यांचं घड्याळ तेव्हा माझ्या हातात होतं.

वस्ताद येताना आधी त्यांचे कान दिसायचे. मातीत घासून मोडलेले, सुरणाच्या फोडीसारखे. कानाची भोकं बुजत आलेली, म्हणून मोबाइल कायम स्पीकरवर. साजगावच्या एका कारखान्यात ते गेटवर वॉचमन होते. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, फोनवर "येताना सुकट आणा" म्हटलं की अख्ख्या शिफ्टला कळायचं, आणि संध्याकाळी बाजारात सुकट घ्यायला आणखी चौघं उभे दिसायचे.

ड्युटी संपली की तालीम. पत्र्याची शेड, आत लाल माती. आमच्याकडच्या पावसात ती माती कोरडी ठेवणं हीच निम्मी कुस्ती. वस्ताद ती रोज खोऱ्याने उकरायचे, तेल-हळद घालायचे, मुठीत दाबून बघायचे. "मातीला पोरगा-पोरगी कळत नाय," म्हणून त्यांनी मलाही आत घेतलं. मी तेव्हा कॉलेजात होते. तीन महिन्यांनी माझ्या मानेवर पंजा ठेवून म्हणाले, "तुझी मान काकडीगत हाय गं. जीभ मातूर दणकट. तू कुस्ती सोड, पत्रकं लिव."

मी लिहू लागले. पाण्यावर, रस्त्यावर, ठाकूरवाडीच्या अडलेल्या जातीच्या दाखल्यांवर. माझं प्रत्येक पत्रक वस्ताद गेटवर चिकटवायचे. सुपरवायझरने फाडलं की दुसऱ्या दिवशी दुसरं.

त्यांचा नियम एकच होता: "पुढं आलेला हात मागं ढकलायचा नाय." ज्याला जोड मिळाली नाही तो पैलवान हात वर करून मैदानाला फेरी मारतो, तो हात जो धरेल, त्याच्याशी त्याची कुस्ती. वस्तादांनी आयुष्यात कुणाचा हात नाकारला नाही. भाचीच्या लग्नात नवऱ्याच्या मामाने गंमत म्हणून हात पुढे केला, तर मांडवामागच्या खाचरात कुस्ती लागली! मामा नव्या सफारीसकट चिखलात उताणा. ती सफारी मग वस्तादांनी स्वतः धुऊन, इस्त्री करून पोचवली.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना मुंग्या येऊ लागल्या. मी त्यांना कर्जतला नेलं. डॉक्टरांनी मानेचा फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, मणके झिजलेत, एक हिसका बसला तर हात कायमचे जातील. मी हे जत्रेच्या कमिटीतल्या सगळ्यांच्या घरोघरी जाऊन सांगितलं. एकूण एकाला माहीत होतं. त्यात मीही आले.

तरी गेल्या जत्रेत कमिटीने सत्कार ठरवला. फेटा, शाल, मैदानाला एक फेरी, एवढंच. पत्रक मी लिहिलं. आणि जोर यावा म्हणून शेवटची ओळ टाकली: 'आमचे वस्ताद आजही कुणाचा हात परत पाठवत नाहीत!' वाटलं, चौसष्ट वर्षांच्या माणसाला हात कोण देणार आहे? वस्तादांनी गेटवर ते मोठ्याने वाचलं आणि हसले. "जोरदार लिवलंस गं."

शेवटच्या कुस्तीचा घाटावरचा पैलवान आला, त्याची जोड आलीच नाही. लोक ओरडू लागले. तेव्हा कमिटीच्या अध्यक्षांनी माइकवरून माझं पत्रक वाचलं. शेवटची ओळ दोनदा. आणि त्या पंचविशीतल्या पोराला दंडाला धरून वस्तादांसमोर उभं केलं.

पोरगा वस्तादांच्या पाया पडला. "वस्ताद, तुमी नाही म्हणा. मी जातो माघारी."

"छापलंय ना बाबा," वस्ताद म्हणाले. त्यांनी फेटा उतरवला, शाल काढली, घड्याळ सोडलं, सगळं माझ्याकडे दिलं. "धर. माती लागंल."

मी त्यांचा हात धरला. "वस्ताद, मान!"

"मान माझी हाय. ओळ तुझी हाय. ती खोटी पडाया नको."

एवढं ऐकूनही मी मैदानात आडवी पडले नाही. मोर्च्यात पोलिसांच्या गाडीपुढे बसलेली मी, त्या दिवशी फेटा सांभाळत उभी राहिले.

पोरगा जपून खेळत होता. वस्तादच ओरडले, "लाडात खेळू नको रं!" त्यांनी त्याची कंबर धरली, उचलला, खरंच उचलला! शिट्ट्या. मग दोघे कलंडले, आणि वस्ताद मानेवर आले. पोरगा लगेच बाजूला झाला. वस्ताद उठून बसले, सलामीला हात वर न्यायला गेले. हात वर गेलाच नाही. डावाही नाही. लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. टाळ्या पडल्या. हलगीवाला वाजवतच राहिला. ती हलगी अजून माझ्या कानातून जात नाही.

आता काकी त्यांना भरवतात. परवा मी भेटायला गेले तेव्हा फोन वाजला. तो काकींनीच उचलून धरला, स्पीकरवर. पलीकडून तो घाटावरचा पोरगा रडत होता. वस्ताद त्याला म्हणाले, "तुझी चूक नाय रं. तू हात दिलास, मी घेतला." मला नुसतं विचारलं, "नवं पत्रक काढलंस का?"

काढलंय, वस्ताद. कमिटी पुन्हा माझ्या दारात आली होती. या जत्रेला पोशीरच्या एका जुन्या पैलवानाचा सत्कार आहे, गुडघा गेलेल्या. "गेल्या टायमाला तुझी शेवटची ओळ लोकांना लय आवडली," अध्यक्ष माझ्या तोंडावर म्हणाले! त्यांना हवं होतं ते पत्रक मी लिहिलं नाही. हे लिहिलं.

तेव्हा तुम्ही, जे बांधावर बसून शिट्ट्या मारत होता, नीट ऐका. या जत्रेत त्या म्हाताऱ्यापुढे हात आणला गेला, तर टाळी वाजवू नका. मोबाइल खिशात ठेवा, बांधावरून खाली उतरा आणि दोघांच्या मधे येऊन बसा. मी आधीच बसलेली असेन. हलगी थांबेपर्यंत उठायचं नाही.