त्याच ताक्यातलं मॅचिंग

रिंग रोडवरच्या सॉफ्टवेअरवाल्याने मला फसवलं. एम्ब्रॉयडरी मशीनचं कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणून त्याने भलतीच फाइल माझ्या गळ्यात मारली.

मी लिंबायतमध्ये यंत्रमागावर बदली कामगार म्हणून आलो. आज स्वतःच्या मशिनी आहेत. वर्षानुवर्षं जमवलेली माझी सगळी डिझाइनं एकाच कॉम्प्युटरात आहेत. ती बाहेर फुटली तर बाजारात मला कोण विचारणार?

दुकानदाराने पेनड्राइव्ह दिला. मी भाव भरपूर पाडला होता, म्हणून संशयही आला. "असली कशावरून?"

त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ पाठवली. "शेठ, आ कंपनीनो हॅश छे. ताडून घ्या ने!"

घरी सुनेने तिच्या लॅपटॉपवर फाइलचा हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच म्हणा, काढला. मी अक्षर न् अक्षर ताडलं. जुळलं.

"टाक आता कॉम्प्युटरमध्ये."

ती हलेना. "मामा, हा मेसेज कोणी पाठवला?"

"त्यानेच."

"आणि फाइल?"

"त्यानेच! डोकं खाऊ नकोस."

"ब्लाउजपीसचं मॅचिंग बघायला बाई तुकडा कुठला आणते? स्वतःच्या साडीचाच ना? तुम्ही दुकानदाराच्या ताक्यातला तुकडा कापून त्याच ताक्याला लावताय. रंग जुळणारच!"

मी आवाज चढवला. तिने शांतपणे कंपनीची वेबसाइट उघडली. त्याच आवृत्तीचा हॅश तिथे छापलेला होता. आमचा पहिल्या अक्षरापासूनच वेगळा.

"फाइलमध्ये कणभर बदललं तरी हॅश सगळा बदलतो, मामा."

मग तिने कंपनीच्या साइटवरूनच फाइल उतरवली, हॅश जुळवला आणि मशिनी सुरू करून दिल्या. माझी ओरड ऐकूनही ती हटली नाही, म्हणून माझी डिझाइनं माझ्याकडे राहिली. सकाळी तिच्यासाठी नाश्त्याला गरम लोचो घेऊन आलो, पण आभाराचा शब्द काही तोंडातून फुटला नाही. तो इथे लिहितो: पोरी, तू माझा धंदा वाचवलास.

दुकानदार म्हणतो, "कॉपी करताना फाइल बगडी गई हशे, शेठ."

बिघडलेल्या फाइलशी तुझा मेसेज तंतोतंत कसा जुळला? तो हॅश कंपनीचा नव्हताच. मग काढला कोणी? फाइलमध्ये काय घातलं होतं, आणि माझ्या कॉम्प्युटरातून काय न्यायचं होतं? तुला ती फाइल दुसऱ्या कोणी दिली असेल तर त्याला माझ्यासमोर उभा कर. नाहीतर तूच उत्तर दे.